उद्याच्या धड्यासाठी छापलेलं पुस्तक

पुस्तक टेबलावर येतं ते करड्या पुठ्ठ्याच्या पेटीतून. झाकण उघडल्याबरोबर जुन्या, आंबूस कागदाचा वास येतो. बांधणी केव्हातरी नव्याने केलेली दिसते. आतली पानं मात्र मूळचीच आहेत. ती पिवळी पडली आहेत, कडांना तपकिरी झाली आहेत आणि इतकी ठिसूळ आहेत की एकेक पान दोन बोटांत अलगद धरून उलटावं लागतं. काका कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतात. मुखपृष्ठाच्या तळाशी एक ओळ आहे, तिच्यावरून ते कागदाला न शिवता बोट नेतात.

"हे गाव वाच बघू."

मला हिब्रू अक्षरं जेमतेम येतात. एकेक अक्षर जुळवत मी शेवटी पोचतो. शांघाय.

आम्ही जेरुसलेमला, इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसलो आहोत. ही नवी इमारत २०२३ मध्ये उघडली. क्नेसेट, म्हणजे इथली संसद, समोरच आहे. वाचनकक्ष गोल आहे. भिंतीलगत पुस्तकांच्या रांगा धरून तो मजल्यामजल्याने खाली उतरत जातो आणि छताच्या मोठ्या गोल झरोक्यातून उजेड थेट तळापर्यंत पडतो. काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि गावात घराण्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. आता काका लोदला राहतात, नातवंडांशी हिब्रूत बोलतात आणि माझ्याशी कोकणातल्या मराठीत. पुस्तकाची मागणी त्यांनीच नोंदवून ठेवली होती.

"खाली साल आहे," काका म्हणतात. "अक्षरांत लिहिलंय. ५७०२."

ज्यू पंचांगातलं हे वर्ष म्हणजे सप्टेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४२. मीर नावाच्या गावातल्या येशिवाचे, म्हणजे तालमुद हा ज्यू धर्मग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळेचे, विद्यार्थी आणि अध्यापक तेव्हा शांघायमध्ये निर्वासित होते. मीर आज बेलारूसमध्ये आहे. पाठशाळा १८१५ ची. युरोपातल्या मोठ्या येशिवांपैकी युद्धातून जवळजवळ अख्खी वाचली ती हीच. टेबलावरचा हा खंड त्या शांघायच्या छपाईतला आहे. नाव ‘गित्तीन’, विषय घटस्फोटाची कागदपत्रं.

तालमुदचा प्रत्येक खंड दुसऱ्या पानापासून सुरू होतो. काका ते पान उघडतात. मधोमध मूळ मजकूर ठसठशीत चौकोनी अक्षरांत आहे. बांधणीच्या बाजूला अकराव्या शतकातले भाष्यकार राशी यांचं भाष्य बारीक, वळणदार टायपात, आणि बाहेरच्या बाजूला त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी काढलेल्या शंका, म्हणजे ‘तोसाफोत’. कडेला आणखी टिपा. निर्णयसागरच्या जुन्या आवृत्त्यांत मूळ वर आणि टीका खाली पाहिलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. फरक एवढाच की इथे ती ठरून गेली आहे. व्हेनिसमध्ये दानिएल बोंबेर्गने १५२० ते १५२३ या काळात अख्खा तालमुद छापला, तेव्हापासून कुठला शब्द कुठल्या पानावर हे बदललेलं नाही. १८८० च्या दशकात विल्ना शहरात रॉम घराण्याच्या छापखान्याने जी आवृत्ती काढली, ती आजवर सगळीकडे प्रमाण मानली जाते. पानाचा आकडा आणि बाजू सांगितली की जगातला कुठलाही अभ्यासक तीच ओळ काढतो.

मी भिंग घेऊन वाकतो. मधली मोठी अक्षरं स्वच्छ उठली आहेत. कडेच्या बारीक भाष्यात शाई भरली आहे. अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा बुजून कुठे कुठे नुसता ठिपका उरला आहे. हे पान खिळे जुळवून छापलेलं नाही. विल्नाच्या छापील पानाचा फोटो काढून, त्याची प्लेट करून छापलेलं आहे. समासात पेन्सिलीची एक बारीक खूण आहे. कोणीतरी इथे थांबलं होतं, विचारात पडलं होतं.

"पहिलंच वाक्य कशाबद्दल आहे सांगू?" काका विचारतात. "समुद्रापलीकडच्या देशातून कोणी एखाद्या बाईसाठी घटस्फोटाचा कागद घेऊन आला. आता त्या कागदाची खात्री कशी पटवायची? तर आणणाऱ्याने साक्ष द्यायची. हा माझ्या डोळ्यांदेखत लिहिला गेला, माझ्या डोळ्यांदेखत साक्षीदारांच्या सह्या झाल्या. तेवढं म्हटलं की कागद ग्राह्य."

ज्यांनी हे पान छापून घेतलं, त्यांचा जीवही अशाच दूरदेशीच्या कागदावर तगला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये मीर सोव्हिएत फौजांच्या हाती गेलं. पाठशाळा तिथून विल्नाला आली, मग लिथुआनियातल्या केदानला. जून १९४० मध्ये लिथुआनियाही सोव्हिएत फौजांनी घेतला, तेव्हा विद्यार्थी लहान लहान गावांत विखुरले आणि तिथेही रोज शिकत राहिले. कौनास शहरात नेदरलँड्सचे मानद वाणिज्यदूत यान झ्वार्तेनडाइक होते. कुरसावला जायला व्हिसा लागत नाही, अशी नोंद ते निर्वासितांच्या कागदांवर करून देऊ लागले. कुरसाव हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. उतरण्यासाठी तिथल्या गव्हर्नरची परवानगी लागते, हे वाक्य त्यांनी गाळलं. त्या नोंदीच्या आधारावर जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी जपानमधून पुढे जाण्याचे दोन हजारांवर व्हिसा दिले. त्या उन्हाळ्यात ते हाताने लिहीत होते. त्या व्हिसांवर माणसं सैबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला गेली, बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरली, कोबेला राहिली आणि १९४१ च्या उन्हाळ्याच्या शेवटी शांघायला पोचली.

पाठशाळेचे प्रमुख एलिएझेर येहूदा फिंकेल पॅलेस्टाइनला गेले होते. शांघायमध्ये शिकवण्याची धुरा त्यांचे जावई हाइम श्मुलेविट्झ यांनी वाहिली आणि विद्यार्थ्यांच्या आचारविचाराकडे येहेज्केल लेव्हेन्स्टाइन पाहत होते.

"पण बसायचे कुठे?" मी विचारतो.

काका हसतात. "आपल्या मुंबईच्या माणसाने बांधलेल्या सिनेगॉगमध्ये."

हे अक्षरशः खरं आहे. सायलस हार्दून बगदादला जन्मले, पण वाढले मुंबईत. डेव्हिड ससून यांच्या दानावर चालणाऱ्या शाळेत शिकले. ससूनांच्याच पेढीच्या नोकरीत ते चीनला गेले आणि पुढे शांघायमधले बडे जमीनमालक झाले. १९२७ मध्ये त्यांनी वडिलांच्या, अहरोन यांच्या, नावाने म्युझियम रोडवर बेथ अहरोन सिनेगॉग बांधलं. ते फारसं वापरात नव्हतं. मीरचे लोक आले तेव्हा शहराचे रब्बी मेइर अश्केनाझी यांनी त्यांना ते मिळवून दिलं. बाकांवरच्या जागा आणि विद्यार्थ्यांची संख्या नेमकी जुळली, असं त्या पाठशाळेच्या आठवणींत आवर्जून सांगतात. याच हार्दून दांपत्याच्या पैशातून १९०९ ते १९१३ या काळात शांघायमध्ये चिनी बौद्ध त्रिपिटकाची नवी आवृत्ती छापली गेली होती. धर्मग्रंथ छापायला पैसा लावणाऱ्याच्या वास्तूत तालमुद छापून घेणारे येऊन बसले, हे मला नुसता योगायोग म्हणून सोडून देववत नाही. त्या शहरात ग्रंथ छापण्याची सवयच होती.

आणि छपाई शक्य झाली ती या सवयीमुळेच. १८७० च्या दशकापासून शांघायचे शिळाछापखाने जुन्या चिनी ग्रंथांचे फोटो काढून, पान लहान करून, कोश आणि टीकाग्रंथ स्वस्तात काढत होते. हिब्रू खिळे शहरात असोत नसोत, चालणार होतं. अक्षर जुळवणाऱ्याला हिब्रू येण्याचीही गरज नव्हती. मूळ खंडाची एक प्रत हाती असली, पान कॅमेऱ्यासमोर सपाट धरलं, की शब्द आपापल्या जागेवरच राहणार. चिनी जुना ग्रंथही उजवीकडे शिवला जातो आणि हिब्रूही, तेव्हा बांधणाऱ्याचा हातही अडणार नव्हता. अशा चिनी छापखान्यांतून तालमुदचे खंड, त्यांवरची भाष्यं आणि नीतिग्रंथ डझनावारी निघाले.

हे ग्रंथ नामशेष होतील, निदान एक प्रत तरी जगासाठी राहू द्यावी, अशा भावनेने ते छापले गेले असतील, असं मी धरून चाललो होतो. काका मान हलवतात.

"तसं नाही रे. येशिवात एकटा कोणी शिकत नाही. दोघं समोरासमोर बसतात. एक वाचतो, दुसरा अडवतो. दोघांपुढे तेच पान पाहिजे. पळताना माणसाने किती खंड आणले असतील? एका पुस्तकावर पाच-सहा डोकी वाकली तर वाद कसा घालणार? उद्या सकाळी धडा आहे, म्हणून छापायचं."

ते पुढची पानं उलटतात आणि छप्पन्नाव्यावर थांबतात. तिथे जेरुसलेमच्या विनाशाची कथा आहे. शहराला रोमन वेढा पडलेला. रब्बान योहानान बेन जक्काई यांना त्यांचे शिष्य प्रेत म्हणून तिरडीवरून वेशीबाहेर काढतात. ते सेनापती व्हेस्पासियनपुढे उभे राहतात. मागणं विचारल्यावर ते शहर मागत नाहीत, मंदिर मागत नाहीत. याव्हने नावाचं गाव आणि तिथले विद्वान मागतात. याच पानावर पुढच्या काळातल्या रब्बींनी त्यांच्यावर ठेवलेला ठपकाही आहे. शहरच का नाही मागितलं? तालमुदने मागणंही ठेवलं आणि आक्षेपही ठेवला.

हे पान वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे काय चाललं होतं ते आज तारखांनिशी माहीत आहे. ९ नोव्हेंबर १९४१ ला जर्मनांनी आणि त्यांच्या स्थानिक पोलिसांनी मीरमधल्या सुमारे दीड हजार ज्यूंना ठार केलं. उरलेल्यांतले बहुतेक ऑगस्ट १९४२ मध्ये संपवले. दोन्ही तारखा मुखपृष्ठावरच्या त्या ५७०२ सालातच पडतात. जून १९४१ मध्ये जर्मनी आणि रशियाचं युद्ध पेटल्यावर तिकडून पत्रं यायचा मार्गच तुटला होता. घरात कोण आहे, कोण नाही, हे न कळता ही मुलं समुद्रापलीकडून आलेल्या कागदाच्या साक्षीवर वाद घालत बसली होती.

पर्ल हार्बरनंतर शांघाय पूर्णपणे जपान्यांच्या हाती गेलं आणि अमेरिकेतली मदत अडली. न्यूयॉर्कहून रब्बी अब्राहम कालमानोविट्झ आणि त्यांचे सहकारी तटस्थ देशांमार्फत पैसे पोचवण्याच्या खटपटीत राहिले. १८ फेब्रुवारी १९४३ ला फर्मान निघालं की १९३७ नंतर आलेल्या राज्यहीन निर्वासितांनी हाँगक्यू भागातल्या ठरावीक गल्ल्यांत राहायचं. जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेले हजारो ज्यू आणि मुळातले गरीब चिनी रहिवासी अशी तिथे खेचाखेच होती. बाहेर पडायला पास लागे. १७ जुलै १९४५ ला अमेरिकी विमानांचे बॉम्ब याच भागावर पडले. तीसहून अधिक निर्वासित आणि कितीतरी जास्त चिनी त्यात गेले. पाठशाळेचा धडा या सगळ्यात चालू राहिला.

ग्रंथपाल दुसरी पेटी आणून ठेवतात. हा खंड मोठा आहे, कागद जाड आहे. छपाई हायडेलबर्गची, साल १९४८. मुखपृष्ठावर दोन चित्रं आहेत. खाली काटेरी तारेचं कुंपण आणि छावणी, वर ताडाची झाडं आणि पवित्र भूमी. छळछावण्यांतून वाचलेले रब्बी सॅम्युएल स्निग आणि सॅम्युएल रोझ यांनी १९४६ मध्ये जर्मनीतल्या अमेरिकी लष्कराकडे निर्वासित छावण्यांसाठी तालमुद छापून मागितला. सगळा जर्मनी धुंडाळूनही छपाईला घेण्याजोगा एक अख्खा संच सापडेना. तो अमेरिकेतून आणावा लागला. पानांचे फोटो काढून १९ खंड निघाले आणि ते अमेरिकी लष्कराला अर्पण केले गेले. ज्या देशात हे ग्रंथ जाळले गेले, तिथेच ते पुन्हा छापले गेले.

"यातही गित्तीन आहेच," काका म्हणतात. "आणि येवामोत हा खंडही. छावण्यांत बायका होत्या, नवरा जिवंत आहे की गेला ते माहीत नव्हतं. पुन्हा लग्न करता येईल का, हे कोणीतरी पान काढूनच सांगायला पाहिजे होतं. माणसं अडली होती ना!"

मी दोन्ही मुखपृष्ठं शेजारी ठेवून पाहतो. हायडेलबर्गच्या मुखपृष्ठावर इतिहास चितारला आहे. ते मागे वळून पाहतं. शांघायच्या पानावर फक्त गाव आहे आणि साल आहे.

संध्याकाळी आम्ही बसने बेत यिस्राएलकडे निघतो. मीर येशिवाची जेरुसलेममधली शाखा फिंकेल यांनी १९४४ मध्ये सुरू केली. युद्ध संपल्यावर शांघायचे लोक १९४६-४७ मध्ये तिथून निघाले. काही अमेरिकेला गेले, काही इथे आले. बसमध्ये गर्दी आहे. काका दांडीला धरून उभे राहूनच कोबेचा पेच सांगतात.

"जपानात शनिवार कधी, सांग."

"शनिवारी," मी म्हणतो.

"कोणाच्या? जगाच्या नकाशावरची दिवसाची रेघ माणसांनी सोयीने ओढली. आपल्या शास्त्राने दिवस कुठून मोजायचा?"

१९४१ चा योम किप्पूर, वर्षातला सर्वांत कडक उपवास, १ ऑक्टोबरला, बुधवारी होता. पाठशाळा तोवर शांघायला गेली होती, पण काही निर्वासित अजून कोबेत होते. त्यांनी जेरुसलेमला तार केली, उपवास कोणत्या दिवशी करायचा? मुख्य रब्बी हर्झोग यांनी विद्वानांना बोलावलं. निर्णय झाला, स्थानिक बुधवारी. ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बी कारेलिट्झ यांनी मध्ययुगीन ग्रंथांच्या आधारे दिवसाची रेघ जेरुसलेमच्या पूर्वेला नव्वद अंशांवर धरली. त्या हिशेबाने जपान रेघेपलीकडे जातो. म्हणून त्यांनी कळवलं, बुधवारी जेवा, गुरुवारी उपवास करा. त्यांनी या प्रश्नावर स्वतंत्र प्रबंधही लिहिला. काहींनी दोन्ही दिवस उपवास केला, अशी आठवण सांगितली जाते. शांघाय मात्र रेघेच्या अलीकडे, खंडाच्या भूमीवर. तिथे शंका उरली नाही.

परक्या बंदरात, हातात मुदत संपत आलेला व्हिसा, आणि माणसं तारेचे पैसे खर्चून विचारतात की आज वार कोणता! मला यात हटवादीपणा दिसत नाही. सगळं हिरावलेल्या माणसाने आपल्या वेळेचा हिशेब दुसऱ्याच्या हाती दिला नाही, हे दिसतं.

बेत यिस्राएलच्या अरुंद रस्त्यावर काळ्या टोप्यांची आणि पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी आहे. पाठशाळेच्या दाराशीच आवाज अंगावर येतो. काका ओळखीच्या एका अध्यापकांना भेटतात आणि ते आम्हाला आत मागच्या बाजूला उभं राहू देतात. लांबलचक दालनात माणसं दाटीने बसली आहेत. प्रत्येकापुढे पुस्तक ठेवायचा उतरता लाकडी मेज, त्यावर उघडा खंड, बाजूला कॉफीचा प्लास्टिकचा पेला. कोणी मनात वाचत नाही. एक जण अंगठा हवेत फिरवत मुद्दा मांडतो, समोरचा पुस्तकावर थाप मारून तो खोडतो. शेजारची जोडी वेगळ्याच ओळीवर भांडते आहे. कोणी उठतो, कपाटातून दुसरा ग्रंथ आणतो, उभ्यानेच वाचून दाखवतो आणि ठेवून देतो.

जवळच्या जोडीपुढे गित्तीन आहे. नवी छपाई, पांढराशुभ्र कागद. काका वाकून विचारतात आणि त्यातला लालसर दाढीचा मुलगा क्षणात छप्पन्नावं पान काढतो. सकाळी पाहिलेला मजकूर त्याच ओळीत, त्याच कोपऱ्यात आहे. फक्त राशीच्या भाष्यातली अक्षरं इथे मोकळी आहेत, पोटं बुजलेली नाहीत.

शांघायचा खंड आज पाहून आलो, असं काका त्याला सांगतात. मुलगा मान डोलावतो. त्याला हे ठाऊक आहे, इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्याचा जीव दुसरीकडे अडकला आहे. तो काकांना बसायला जागा करून देतो आणि भरभर बोलू लागतो. काका मला मराठीत सांगतात, "तो म्हणतो, योहानान बेन जक्काईंनी शहर मागितलं असतं तर मिळालंच नसतं, आणि गावही गेलं असतं. त्याचा जोडीदार म्हणतो, मागून तर बघायचं होतं. मला विचारतायत, तुम्ही सांगा."

काका सांगतात. काय सांगतात ते मला समजत नाही, कारण दोघंही एकदम त्यांच्यावर तुटून पडतात. काका आवाज चढवतात, बोटाने तोसाफोतची ओळ दाखवतात. मुलगा दुसरी ओळ दाखवतो. अलिबागकडच्या घाण्यावाल्याचा नातू, बेलारूसमधल्या गावाचं नाव लावणारी पाठशाळा, आणि मधे ते एक पान.

मला इथे उभं राहून खात्रीने वाटतं, ग्रंथ जपायचा म्हणजे तो पेटीत ठेवायचा नव्हे. पेटीतल्या प्रतीचं मोल मी कमी लेखत नाही. ती नसती तर मला साल कळलं नसतं, पेन्सिलीची खूण दिसली नसती. पण शांघायच्या निर्वासितांनी उपासमारीच्या काळात कागदाला आणि छापखान्याला पैसे दिले ते वारसा म्हणून मागे ठेवण्यासाठी नव्हे. समोरच्याला अडवायला आपल्याही हाती पान असावं, म्हणून दिले. आपल्याकडे किती पोथ्या कपाटांत सुरक्षित आहेत आणि त्यांवर भांडणारे दोघे गावात उरलेले नाहीत! छपाईने ग्रंथ फक्त हातात येतो. तो जिवंत राहतो तो रोज कोणीतरी त्यावर शंका काढल्याने.

काका अजून उठायला तयार नाहीत. लोदची शेवटची बस नऊनंतर आहे, असं मी त्यांना दोनदा सांगतो. ते हाताने थांब म्हणतात आणि मुलाला पान मागे उलटायला सांगतात. आक्षेप नीट मांडायचा तर सुरुवात पंचावन्नाव्यापासून करायला हवी, असं त्यांचं म्हणणं आहे.